धोंड्याच्या महिन्यात जावयाला सुरी

मैत्रिणींनो, धोंड्याच्या महिन्यात तुम्ही जावयाला काय देता? चांदीचं निरांजन, नाहीतर तांब्याचं तबक. ऐपत असेल तर अंगठी, नसेल तर शर्टाचं कापड. शिवाय जाळीदार काहीतरी हवंच, म्हणून 33 अनारसे नाहीतर बत्तासे. याहून वेगळं काही देईन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण 2023 सालच्या अधिक श्रावणात मी माझ्या एकुलत्या एका जावयाला सुरी दिली. हो, सुरीच! धारदार, टोकदार, कातडी म्यानात घातलेली. आणि तीही दिसली म्हणून उचलली असं नाही, तर चांगल्या दोन फेऱ्या मारून, पारखून घेतलेली.

थांबा, लगेच कपाळाला हात लावू नका. आधी ऐकून तर घ्या.

माझी लेक नॉर्वेत असते. शिकायला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करते म्हणाली. आम्ही दोघं दोन वर्षं आडवे आलो. शेवटी व्हायचं ते झालं. आम्ही अक्षता टाकल्या, फोटोत हसलोही. पण मनातली अढी काही सुटली नव्हती. जावई स्वभावाने गरीब, पण अबोल. माझं इंग्रजी बेताचं. तो आत आला की मी स्वयंपाकघरात, मी बाहेर आले की तो बागेत, असा आमचा संसार चाले. त्यातून तो डावखुरा! लग्नाआधी आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसला आणि डाव्या हाताने त्याने पहिला घास उचलला, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. जणू तो हात मीच त्याला लावून दिला होता!

तर त्या जुलैत मी एकटीच लेकीकडे गेले. ह्यांना गुडघ्यामुळे एवढा प्रवास झेपणार नव्हता. 18 जुलैला अधिक महिना लागला. अनारशाचं पीठ मी डब्यात भरून नेलंच होतं. जावयाचं वाण मात्र तिथेच घेऊ म्हटलं आणि लेकीला विचारलं, "काय देऊ गं त्याला?"

ती म्हणाली, "आई, खरं सांगू? त्याला सुरी दे. त्याच्या आजोबांची सुरी गेल्या उन्हाळ्यात होडीतून तळ्यात पडली. तेव्हापासून तो कारखान्यातली एक साधी सुरी वापरतोय. हाताने केलेली, चांगली घ्यावी असं त्याच्या मनात आहे. पण स्वतःसाठी तो कधी घ्यायचा नाही."

मी रात्री फोनवर ह्यांना सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "अगं, जावयाला विष्णू मानून वाण देतात, आणि तू त्याला सुरी देणार? आधी दोन वर्षं भांडलो ते कमी झालं का?"

मलाही तेच वाटत होतं. आपल्याकडे कात्री, सुरी कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. हातात दिली की भांडण होतं, हे मी आईकडून ऐकलं, सासूबाईंकडून ऐकलं आणि लेकीलाही ऐकवलं. आता आधीच तुटायला टेकलेल्या नात्यात मी स्वतःच्या हाताने सुरी घालू?

लेक हसली. म्हणाली, "आई, इथेही हेच मानतात. सुरी भेट दिली की नातं कापलं जातं म्हणे. म्हणून घेणाऱ्याने देणाऱ्याला एक नाणं द्यायचं. म्हणजे ती भेट राहत नाही, विकत घेतल्यासारखी होते." आणि शेजारच्या फिनलंडमध्ये तर एखाद्याला सुरी देणं हा त्याचा मान समजतात, तुझ्यावर माझा विश्वास आहे, असा त्याचा अर्थ. म्हटलं, चला, सात समुद्रापलीकडे बायकांच्या जिवाला घोर तोच, आणि त्यावरचा तोडगाही हाताशी. मग मात्र मी कंबर कसली.

आता तुम्ही म्हणाल, सुरी ती सुरी, त्यात निवडायचं काय? मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या देशात सुरी फक्त स्वयंपाकघरात राहत नाही. तिथल्या रानावनात, डोंगरावर कुणालाही मोकळेपणी हिंडता येतं. त्याचा 1957 सालापासून कायदाच आहे. सुट्टी आली की माणसं पाठीवर पिशव्या टाकून रानात जातात, डोंगरातल्या लाकडी घरांत राहतात, बेरी वेचतात, अळंब्या गोळा करतात, तळ्यात मासे धरतात. या सगळ्यात कमरेला सुरी लागते. बालवाडीतल्या पोरांनासुद्धा सुरीने काटक्या तासायला शिकवतात! पहिल्यांदा ते पाहून माझ्या पोटात गोळाच आला. पण त्यांचे नियम पक्के. तासायचं ते बसूनच, पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं, काम झालं की सुरी म्यानात. मुलांच्या सुरीचं टोक बोथट असतं आणि बोट पात्यावर घसरू नये म्हणून मुठीपुढे आडवी पट्टी असते. आपण पोरांच्या हातून सुरी हिसकावून घेतो, ते शिकवून हातात देतात. कुठलं बरोबर, ते तुम्हीच ठरवा. आणि हो, हे सारं रानात. गावात, बाजारात काही कामाशिवाय सुरी घेऊन हिंडणं तिथे गुन्हा आहे, हेही सांगून ठेवते.

जावयाच्या घरच्यांचं असंच एक लाकडी घर गाइलो नावाच्या गावाजवळ डोंगरात आहे. ऑस्लोहून बर्गनला जाणारी आगगाडी या गावावरून जाते. गाव सुऱ्यांसाठी जुनं प्रसिद्ध. 1896 सालापासून तिथे सुऱ्यांचा कारखाना आहे. आणि आसपासच्या खोऱ्यांतून घरी बसून हाताने सुऱ्या करणारे कारागीर अजून आहेत.

आम्ही दोघी आधी बाजारात गेलो. एका दुकानाच्या काचेत माझी नजर जी खिळली, ती हलेना. पांढरीशुभ्र रेनडियरच्या शिंगाची मूठ, तिच्यावर बारीक नक्षी, चांदीच्या कड्या. म्हटलं, हीच! तबकात ठेवली तर काय शोभेल! लेक म्हणाली, "आई, ही भिंतीवर लावायची. त्याला कमरेला लावायची हवी आहे." मला जरा रागच आला. पण मग आठवलं, माझ्या लग्नात आलेला नक्षीचा चहाचा संच 38 वर्षं कपाटात आहे, आणि चहा आम्ही रोज साध्या कपातून पितो. गप्प बसले.

तिथून लेकीने मला एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेलं. घरामागे लहानशी खोली, खिडकीखाली बाकडं, लाकडाच्या भुशाचा आणि तेलाचा वास. आपल्याकडच्या सुताराच्या पडवीत शिरल्यासारखं वाटलं. आजोबांनी सुऱ्या दाखवायच्या आधी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. लेक मध्ये बसून मराठी करून सांगत होती. सुरी कुणासाठी? तो तिने काय काय करतो? त्याचा हात केवढा आहे? कुठल्या हाताने धरतो? काम झाल्यावर पुसतो, की ओलीच म्यानात खुपसतो?

लेक उत्तरं द्यायला लागली, तर आजोबांनी तिला हाताने थांबवलं. म्हणाले, "देणार त्या आहेत ना? मग त्यांना सांगू दे."

मैत्रिणींनो, मला एकाच प्रश्नाचं उत्तर येत होतं. तो डावखुरा आहे. बाकी काही म्हणजे काहीच मला ठाऊक नव्हतं. ज्या एका गोष्टीचा इतकी वर्षं राग केला, तेवढीच एक गोष्ट मी जावयाची पाहिली होती.

आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "आधी त्याचा हात बघून या. सुरी कुठे पळून जात नाही."

मग काय, चार दिवस डोंगरातल्या घरी मी जावयावर पाळत ठेवून होते! सकाळी तो चुलीसाठी बर्चची लाकडं फोडी. एखादी फाळकी घेऊन सुरीने तिच्यावर पातळ कुरळे ढलपे काढी, सुटे न करता, पिसाऱ्यासारखे. त्याला काडी लावली की चूल भुर्रकन पेटे. रॉकेल नको, कागद नको. मग रानात जाऊन पिवळ्या अळंब्या आणी. उपटायची नाही, देठाशी कापायची, तिथेच सुरीने माती खरवडायची, मग टोपलीत टाकायची. पाव कापायचा त्याच सुरीने, दोरी कापायची त्याच सुरीने. आणि प्रत्येक कामानंतर खिशातून फडकं काढून पातं पुसायचं, तेही धारेच्या उलट बाजूने. आमच्या घरात विळी धुऊन पुसून ठेवा म्हणून मी जन्मभर ओरडले, इथे कुणी न सांगता हा माणूस पुसत होता!

एका संध्याकाळी त्याने तळ्यातून ट्राउट मासे आणले. माझं माहेर कोकणातलं. मासा पाहिला आणि माझ्याने राहवेना. मी बाहेर येऊन त्याच्या शेजारच्या पाटावर बसले आणि खुणेने म्हटलं, दे इकडे. त्याने सुरी उलटी धरून मूठ माझ्याकडे केली. मी हात पुढे केला नाही. सवयच तशी. त्याने माझ्याकडे पाहिलं, काय समजला कोण जाणे, सुरी हळूच फळीवर ठेवली आणि हात मागे घेतला. मी उचलली. लेकीने त्याला कधीतरी सांगितलं असणार. आणि त्याने ते लक्षात ठेवलं होतं.

विळीवर मासे करणारी मी, सुरी काही नीट चालेना. मूठ माझ्या हाताला मोठी, ओल्या हातात सारखी फिरायची. पण तीन मासे केले. तो बघत होता. मग हसून, माझ्याच मराठीतलं उचललेलं एक अक्षर बोलला, "छान!" लग्नानंतर आमच्या दोघांत लेकीशिवाय झालेलं ते पहिलं बोलणं.

दुसऱ्या दिवशी लाकडं फोडायचा त्याचा एक हातमोजा मी गुपचूप पिशवीत घातला आणि आम्ही पुन्हा आजोबांकडे गेलो. या वेळी सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी दिली. मग त्यांनी सुरी कशी निवडायची ते मला बाकड्यावर मांडून शिकवलं. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, भाचा, नात ट्रेकिंगला जात असेल, कुणाचं माणूस त्या बाजूला राहत असेल, तर उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट पात्याची लांबी. सिनेमातल्या रामपुरीसारखं लांबलचक पातं रानात काही कामाचं नाही. ज्याला सुरी द्यायची त्याच्या तळव्याच्या रुंदीएवढं पातं पुरे, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 9 ते 10 सेंटिमीटर. मूठ त्याहून किंचित लांब. पात्याची जाडी 3 मिलिमीटरच्या आसपास. याहून जाड घेतलं तर ढलपे काढताना आणि अळंबी कापताना ते पाचरीसारखं अडतं, फार पातळ घेतलं तर लाकडात वाकतं.

दुसरी गोष्ट धारेचा उतार. आपल्या घरातल्या सुरीच्या धारेवर बारीकसा दुसरा उतार असतो. या सुऱ्यांना तो नसतो. पात्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक रुंद सपाट उतार निघतो तो थेट धारेपर्यंत. याचा फायदा असा की धार लावायला धारवाल्याची वाट बघायला नको. तो सपाट उतार दगडावर टेकवायचा आणि घासायचं. कोन आपोआप बरोबर येतो. मी स्वतः लावून पाहिली, पहिल्याच वेळी जमली. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे डावखुऱ्यालाही पातं तेच चालतं.

तिसरी गोष्ट पोलाद. न गंजणारं आणि गंजणारं, असे दोन प्रकार. आजोबा म्हणाले, जो सुरी ओलीच ठेवतो किंवा समुद्रावर खाऱ्या पाण्यात वापरतो त्याला न गंजणारं द्या. जो पुसतो त्याला साधं पोलाद द्या. ते दगडावर लवकर धारेला येतं. कालांतराने ते काळपट पडतं, कैरी चिरून चिरून आपल्या विळीचं पातं पडतं तसं. तो गंज नव्हे, त्याला भ्यायचं नाही. काही पाती तिहेरी असतात. मधे कडक पोलादाचा पत्रा आणि दोन्ही बाजूंनी मऊ लोखंड. धार कडक राहते, पण पातं मोडत नाही. जवळून पाहिलं तर दोन्ही धातू भेटतात तिथे नदीसारखी नागमोडी रेघ दिसते. पात्याला पाणी द्यायचं कसब लोहाराचं. इथेच विचारून घ्यायचं की पातं कुणी घडवलं. पुष्कळ कारागीर पातं लोहाराकडून घेतात आणि मूठ नि म्यान स्वतः करतात. त्यात कमीपणा काही नाही. पण प्रामाणिक माणूस ते आपणहून सांगतो. आमच्या आजोबांनी न विचारता सांगितलं.

चौथी गोष्ट, पात्याची शेपटी. मुठीच्या आत पातं किती गेलंय ते बाहेरून दिसत नाही. ती शेपटी मुठीतून आरपार जाऊन मागच्या टोकाला ठोकून बसवली असेल तर उत्तम. नुसती अर्ध्यात डिंकाने चिकटवलेली असेल तर लाकडं फोडणाऱ्याने ती घेऊ नये. मुठीच्या बुडाशी धातूचा ठिपका दिसतो का ते पाहायचं.

आता मूठ. मैत्रिणींनो, सगळी गंमत इथेच आहे. आजोबांनी तीन सुऱ्या पुढे ठेवल्या. एकीची मूठ शिंगाची, एकीची बर्चच्या गाठाळ लाकडाची, आणि तिसरीची मूठ मला ओळखूच येईना. मऊ, तपकिरी, बारीक बारीक थरांची, चकलीच्या पिठावर काट्याने रेघा ओढाव्यात तशी. म्हणाले, ही बर्चच्या सालीची. साल सोलून तिचे चौकोन कापायचे, एकावर एक रचून घट्ट दाबायचे आणि मग तासून मूठ करायची.

लेक म्हणाली, "आई, बर्च म्हणजे आपला भूर्ज." मी चमकलेच. हिमालयातला भूर्जवृक्ष, ज्याच्या सालीवर, भूर्जपत्रावर, जुन्या पोथ्या लिहिल्या, त्याचेच हे भाऊबंद! म्हणजे ही भूर्जपत्राची मूठ. वाणाला याहून चांगलं काय हवं?

पण आजोबांना भूर्जपत्राचं कौतुक नव्हतं, त्यांना कामाचं होतं. त्यांनी माझे हात नळाखाली ओले करायला लावले आणि एकेक सुरी धरायला सांगितली. शिंगाची मूठ दिसायला राणी, पण ओल्या हातात निसटायला लागली, आणि थंडगार. थंडीत ती हाताला चावते म्हणाले. लाकडाची चांगली बसली. तेल पाजलेली होती. वरून चकचकीत रोगण लावलेली मात्र घेऊ नका, ती निसरडीही असते आणि पुढे पोपडे निघतात. सालीची मूठ ओल्या हातातही धरून राहिली, आणि लोकर हातात धरावी तशी उबदार. मासे करणाऱ्याला, थंडीत लाकडं फोडणाऱ्याला हीच. जुन्या पद्धतीच्या या सुऱ्यांना मुठीपुढे आडवी पट्टी नसते. मूठ मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती असते, तीच हात सांभाळते. आजोबांनी माझ्या पिशवीतला हातमोजा मुठीवर गुंडाळून माप पाहिलं. पहिली मूठ बारीक निघाली, दुसरी बरोबर.

मग गंमत म्हणून त्यांनी एक लहान मूठ माझ्या हातात दिली. ती तळव्यात अशी बसली की मी सोडेचना. सासूबाईंची विळी मी 38 वर्षं चालवली, ती त्यांच्या बेताची होती. माझा हात केवढा, हे आजवर मला एका बांगडीवाल्याशिवाय कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी म्यान. ते कमी महत्त्वाचं समजू नका. रानात मांडीत सुरी घुसते ती वाईट म्यानामुळे. चांगल्या म्यानात सुरी मुठीच्या अर्ध्यापर्यंत आत जाते. बटण, पट्टा काही नसतो. म्यान उलटं करून झटका द्यायचा, सुरी पडली नाही पाहिजे. आत पात्याभोवती लाकडाचं किंवा प्लास्टिकचं अस्तर हवं, म्हणजे टोक चामडं फोडून बाहेर येत नाही. शिवण मागच्या बाजूला आणि घट्ट हवी. आणि डावखुऱ्यासाठी म्यान निराळं! कमरेच्या डाव्या बाजूला लटकायचं, तर त्याची वळणं सगळी उलटी लागतात. आजोबांकडची तयार म्यानं सगळी उजव्या हाताची होती. म्हणाले, "दुकानातून नेली असती तर सुरी सुंदर आणि म्यान चुकीचं मिळालं असतं. आठ दिवस द्या, नवीन शिवतो."

त्या डाव्या हातामुळे ही सुरी फक्त त्याचीच झाली. दुसऱ्या कुणाला ती कमरेला लावताच येणार नाही.

किंमत? ती विचारू नका. निरांजनाचे पैसे पुरले नाहीत, बांगड्या मोडून नव्या करायला बाजूला ठेवलेल्यांतले काही घालावे लागले. पण हेही सांगते, प्रत्येकाला अशीच हवी असं नाही. स्वीडनमधल्या मोरा या गावी 1891 सालापासून कारखान्यात सुऱ्या होतात, त्या स्वस्त आणि कामाला पक्क्या असतात. नॉर्वेतल्या होल्मेडालला 1932 पासून सुऱ्या होतात, त्यांच्या लाकडी मुठी देखण्या. पहिल्यांदाच घेणाऱ्याने अशीच घ्यावी, वापरावी, आपला हात ओळखावा. हाताने केलेली सुरी त्यानंतर.

अधिक महिना 16 ऑगस्टला संपत होता. त्याआधी म्यान तयार झालं. मी स्वयंपाकघरात अनारसे थापायला बसले. तिथल्या थंडीत पीठ काही लवकर मऊ होईना. जावई आत आला, हात धुतले आणि समोर बसला. एकेक गोळी घेऊन खसखशीवर डाव्या हाताच्या बोटांनी थापू लागला. सासूबाई असत्या तर उठून गेल्या असत्या. मी त्या बोटांकडे पाहिलं. त्यांची रुंदी मला आता पाठ होती. अनारसे त्याचे माझ्यापेक्षा गोल झाले. 33 पैकी 19 त्याचेच. स्वतःचं वाण स्वतः थापणारा जावई तुम्ही पाहिलाय कधी?

संध्याकाळी पाटावर बसवून त्याला ओवाळलं. फोनवर हे समोर होतेच, चेहरा काळजीचा. मी तबकात अनारसे, दिवा आणि सुरी ठेवली. हातात दिली नाही, त्याच्यापुढे ठेवली. त्याने म्यान उचललं, उलटंसुलटं पाहिलं, आणि आपोआप डाव्या कमरेशी धरलं. मग थबकला. म्यान डाव्या हाताचं आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने लेकीला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "विचारतोय, डाव्या हाताचं म्यान कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "सांग त्याला, मी सांगितलं."

तो काही बोलला नाही. उठून आत गेला. माझ्या छातीत धस्स झालं. म्हटलं, झालं काहीतरी. तर एक नाणं घेऊन बाहेर आला. तिथल्या एका क्रोनच्या नाण्याला मधोमध भोक असतं. ते त्याने माझ्या तळहातावर ठेवलं, वरून माझी बोटं मिटली आणि खाली वाकून नमस्कार केला. वाकला तो जरा वाकडाच. पण केला.

फोनमधून हे ओरडले, "नाणं घेतलंस ना? नीट ठेव हो!"

जाता जाता निगेचं सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कुणी घेतलीच तर वाया जायला नको. सुरी पाण्यात भिजत टाकायची नाही. धुतली की लगेच कोरडी करायची, पात्याला खायच्या तेलाचं बोट फिरवायचं. फार दिवस वापरायची नसेल तर चामड्याच्या म्यानात ठेवायची नाही, चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि पातं गंजतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. विमानाने आणायची तर मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत नको.

आणि निवडायच्या आधी काय करायचं, ते आता तुम्हाला माहीत आहे. ज्याला द्यायची त्याचा हात पाहून या. आम्ही दोन वर्षं त्या मुलाची जात पाहिली, भाषा पाहिली, देश पाहिला. हात पाहिला नव्हता.

ते भोकाचं नाणं मी घरी आणलं. लाल दोऱ्यात ओवून कुंकवाच्या करंड्यात ठेवलंय. सुरीने नातं तुटतं म्हणतात. आमचं त्या दिवसापासून जुळलं, कारण जावई आता दर रविवारी फोन करतो आणि आधी "छान?" म्हणून विचारतो. मीही "छान" म्हणते. मग तो रानात काय मिळालं ते दाखवतो. फोन तो उजव्या हातात धरतो. अळंबी डाव्या हातात असते.